उभ्याला मत नाही

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक खोली उभी करा. लांबट खोली. एका भिंतीला लागून लाकडी तख्त, त्यावर निळी गादी. समोर जमिनीवर सतरंजी. तिचा एक कोपरा कधीकाळी इस्त्रीने जळलेला. तख्त आणि सतरंजीच्या मधे थोडी मोकळी फरशी. खिडकी लक्ष्मी गेटच्या गल्लीकडे उघडते, म्हणून रविवारी सकाळी खोलीत जिलेबीचा वास आणि स्कूटरचे हॉर्न बरोबरच आत येतात.

दिसली खोली? आता तिच्यात माणसं आणू. पण ती कुठे बसतात याकडे नीट लक्ष ठेवा, कारण या घरात बसण्यालाच अर्थ असतो.

गोदूबाईंनी घालून दिलेली ही रीत. भुसावळहून रेल्वेच्या बदलीवर झाशीला आलेल्या रामकृष्णांची ही बायको. रामकृष्णांचा आवाज इंजिनाच्या शिट्टीला भारी पडे आणि मुलगे बापाच्या वरताण. कुठलीही गोष्ट ठरवायची म्हटली की अख्खी रेल्वे कॉलनी ऐकायला जमायची. एक दिवस गोदूबाई म्हणाल्या, "पुरे झालं. ज्याला हो म्हणायचंय त्याने तख्तावर बसावं, ज्याला नाही म्हणायचंय त्याने सतरंजीवर. मन बदललं तर जागा बदला. आणि उभं राहून ओरडेल त्याचं मत मोजायचं नाही."

ओरडायला माणूस उभा राहतोच. मत हवं तर बसावं लागे, आणि बसलं की आवाज आपोआप खाली येई. घरातला पहिला रेडिओ असाच ठरला, नातवाचं, पार्थचं, कानपूरला शिकायला जाणं असंच ठरलं, आणि सहा वर्षांपूर्वी आलेला तो लालभडक फ्रीजसुद्धा.

मत द्यायला दहा वर्षं पूर्ण असावी लागत. पार्थची मुलगी आभा गेल्याच महिन्यात दहाची झाली होती. तिने आज शाळेच्या समारंभाला घालायचा फ्रॉक घातला होता आणि ती उंबरठ्यावर बसली होती, कारण उंबरठा कोणाच्याच बाजूचा नसतो.

"बसा सगळे," पार्थ तख्तावर मांडी ठोकत म्हणाला. "माझा प्रस्ताव सीधासाधा आहे. विजेवरची गाडी घ्यायची, पण विकत नाही. लीजवर."

"पापा, लीज म्हणजे किराए पे ना?" आभाने विचारलं. तिला मराठी सगळं कळे. बोलताना मात्र निम्मी हिंदी येई.

"भाड्याने, पण लांबच्या मुदतीच्या," पार्थ म्हणाला. "गाडी कंपनीची. आपण चार वर्षं दर महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे. विमा त्यांचा, दुरुस्ती त्यांची. चार वर्षांनी गाडी परत. बॅटरी दर वर्षी सुधारतेय. आज घेतलेली गाडी उद्या जुनी. मग ते ओझं आपण का बाळगायचं?"

तुम्ही सुट्टीत तासाच्या भाड्याने सायकल घेता ना, तसंच हे. चाक पंक्चर झालं तर दुकानदार बघेल. पण त्या सायकलला तुम्हाला आवडतो तो रंग लावता येत नाही, आणि संध्याकाळ झाली की ती परत करावीच लागते.

पार्थची धाकटी बहीण शमिका भोपाळहून चार दिवस आली होती. बँकेत नोकरी, त्यामुळे घरात व्याजाचा विषय निघाला की तिला मान. ती भावाशेजारी तख्तावर बसली. "भैया बरोबर बोलतोय. विकत घेतली तर सुरुवातीलाच मोठी रक्कम, वर पाच वर्षं हप्ते."

कमलताई, म्हणजे आभाची आजी, मटार सोलण्याची परात घेऊन आधीपासूनच तख्तावर होत्या.

उरले मार्तंडराव. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले आभाचे आजोबा. ते सतरंजीच्या बरोब्बर मधे जाऊन बसले आणि मुलगा, मुलगी, बायको अशा तिघांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं. मुलांचं काही वाटलं नाही. मुलं नव्या जमान्याची. पण कमल?

"मी चौतीस वर्षं लीजवर राहिलोय," ते म्हणाले.

"कधी, अण्णा?" शमिका हसली.

"रेल्वे क्वार्टर म्हणजे दुसरं काय? घर सरकारचं, आम्ही फक्त राहणारे. मी मागच्या अंगणात पेरू लावला. रोप केवढं, तर या आभाच्या गुडघ्याएवढं. ड्यूटीवरून आलो की आधी त्याला पाणी, मग मला. आणि फळांनी लदायला लागला तेव्हा मी निवृत्त! नव्या साहेबांना किल्ली दिली. निघताना चार पेरू तोडले तर त्यांची बायको खिडकीतून बघत होती. वाटलं, आपण चोरी करतोय. माझ्याच झाडाची! आपली वस्तू ती आपली. जुनी झाली तरी आपली."

मार्तंडरावांना वाटलं, आता कमल उठेल. पेरूला तिनेही पाणी घातलं होतं.

कमलताईंनी एक शेंग फोडली. "पेरूचं सांगितलंत. नळाचं सांगा की. क्वार्टरचा नळ गळला की तुम्ही तक्रार लिहायचात आणि माणूस यायचा. या स्वतःच्या घरात गेल्या पावसात जिना गळला तेव्हा कोण आलं? मी आले, बादली घेऊन."

पार्थ खो खो हसला. मार्तंडराव मात्र मनातून दुखावले. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसण्याची त्यांना सवय होती. घरात एकटं पडायची नव्हती.

शमिकाला ते दिसलं. बापाची ती ताठ बसलेली पाठ तिला लहानपणापासून ओळखीची होती. पण नुसत्या मायेने जागा बदलणारी ती नव्हती. तिने मोबाइल काढून आकडे मांडले. चार वर्षांचं भाडं एकीकडे. पाच वर्षांचे हप्ते आणि नंतर हातात उरणारी गाडी दुसरीकडे. बॅटरीची हमीही आठ वर्षांची होती. तिची भुवई वर गेली.

"भैया, सॉरी," ती उठली आणि फरशी ओलांडून सतरंजीवर आली. "लीज दर महिन्याला स्वस्त दिसतं. पण चार वर्षांनी हात रिकामे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

"शाब्बास!" मार्तंडरावांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"गद्दार," पार्थ म्हणाला. "पण तुम्ही दोघं एक गोष्ट विसरताय. लीजची गाडी तयार उभी आहे, पुढच्या आठवड्यात दारात. विकत घ्यायची तर दोन महिने नंबर लागणार. आणि दोन महिने कल्याणीने काय करायचं? तिकडे मोठ गावी खोली घ्यायची?"

आता हे मोठचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच निघालं होतं. आभाची आई कल्याणी मोठच्या इंटर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कानपूर रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव, झाशीहून पन्नास किलोमीटर. आधी सगळ्या शिक्षकांची मिळून एक व्हॅन होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती बंद पडली आणि कल्याणीचं रोजचं अप-डाउन बसवर आलं. घरी पोचायला अंधार पडायचा. मागच्या आठवड्यात ती जेवता जेवता म्हणाली होती, "प्राचार्यबाई म्हणतायत, मोठलाच खोली बघा. शनिवारी घरी या, सोमवारी परत जा."

बाकीच्यांनी त्यावर मान हलवली होती. आभाने त्या रात्री उशीवर पडून हिशोब केला: आठवड्यात एकच रविवार असतो.

म्हणून तिला बाबांचं म्हणणं पटत होतं. पुढच्या आठवड्यात गाडी, म्हणजे आई रोज घरी. पेरूचं वाईट वाटलं, पण पेरूपेक्षा आई मोठी. ती उंबरठ्यावरून तख्ताकडे थोडी सरकलीसुद्धा.

शमिकाही उठली. "खोलीचा मुद्दा बरोबर आहे, अण्णा. वहिनी आठवडाभर बाहेर राहिल्या तर आभाचं काय?" आणि ती परत तख्तावर गेली.

"अगं, ही बैठक आहे की संगीत खुर्ची?" मार्तंडराव ओरडले, आणि ओरडताना उभे राहिले.

"उभ्याला मत नाही!" तिघं एका सुरात म्हणाली. ते पुटपुटत खाली बसले.

खालून गल्लीतून आवाज आला, "काए बाबूजी, गाडी आ गई का?" समोरचे मिठाईवाले. पार्थने काल त्यांना नुसतं विचारलं होतं की गाडी वळवताना कढई थोडी आत घ्याल का. तेवढ्यावर सगळ्या गल्लीत गाडी येऊन उभी राहिली होती.

"अभी तो घरही में जाम लगा है!" मार्तंडराव खिडकीतून म्हणाले आणि स्वतःच हसले. हसू आलं तसा राग उतरला. ते बायकोकडे वळले. "कमल, खरं सांग. तुला मनापासून लीज हवंय?"

"मी कधी म्हटलं तसं?"

"मग तख्तावर का बसलीस?"

"तुम्ही इतकं ठासून बोललात, म्हणून जरा चिमटा काढला. तख्तावर बसले ते गुडघ्यांमुळे. खाली बसले तर मला उठवायला दोन माणसं लागतात."

परातीतून उचललेली मटाराची शेंग पार्थच्या हातातच राहिली. "आई, एक मिनिट. तू खाली बसणं कधी सोडलंस?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"म्हणजे..." शमिकाने तोंडावर हात ठेवला. "आई, फ्रीज!"

"मला पांढरा हवा होता," कमलताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, आईचं मत तख्ताला, लाल पास. मी म्हटलं, असेल बाबा."

"आणि जिन्याचा हिरवा रंग?"

"तोसुद्धा नको होता."

आता मात्र खोलीत अशी हसाहशी झाली की खालचे मिठाईवाले पुन्हा वर बघू लागले. पार्थ तख्तावर आडवा झाला. सहा वर्षं एका घराचे निर्णय आजीच्या गुडघ्यांनी घेतले होते आणि कोणाला पत्ता नव्हता! हसत नव्हते ते फक्त मार्तंडराव. ते आतल्या खोलीत धावत गेले होते, आणि आले ते वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन. ती त्यांनी सतरंजीवर आपल्या जागेशेजारी ठेवली, रुमालाने पुसली आणि गार्डने हिरवा झेंडा दाखवावा तसा रुमाल हलवला.

"या."

कमलताई परात घेऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या. पाय सतरंजीवर टेकले. "आता बरं वाटतं. बसायला मिळालं नि थोड्याच वर्षांत गुडघे गेले, काय करता?"

"बसायला मिळालं म्हणजे?" शमिकाने विचारलं.

"अगं, सून होते ना. गोदूबाईंच्या बैठकीत चहा कोण देणार? मी पंचवीस वर्षं उभीच होते." त्या हे हसतच म्हणाल्या आणि पुन्हा मटाराला लागल्या.

कोणी त्यावर थांबलं नाही. पार्थ बोटांवर मोजत होता. तख्तावर तो आणि शमिका. सतरंजीवर अण्णा आणि आई. "दोन-दोन. आता सगळं आमच्या आभावर. बोल बेटा!"

मग काय विचारता! "पुढच्या आठवड्यात गाडी, आभा," पार्थ म्हणाला. "चार वर्षांनी नवा रंग." मार्तंडराव म्हणाले, "आपली गाडी असली तर मागच्या काचेवर तुझं नाव लिहू, मोठ्या अक्षरांत." शमिका म्हणाली, "मी पुन्हा विचार करतेय, पण आइस्क्रीम दोन्हीकडून घे."

आभा उंबरठ्यावर उभी राहिली. ती महिनाभर या क्षणाची वाट पाहत होती. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती आजीकडे बघत होती. पंचवीस वर्षं उभी. मग तिने मान वळवली.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हातात चहाचा ट्रे.

कल्याणी तिथे बराच वेळ होती. पहिला चहा देऊन झाला होता, हा दुसरा. ती रुसली नव्हती, हेही सांगतो. फ्रीजच्या गोष्टीवर तर ती इतकी हसली की ट्रेमध्ये चहा सांडला होता. तिला कोणी गप्प बस म्हटलं नव्हतं. पण बस असंही कोणी म्हटलं नव्हतं. लीजच्या कागदावरची एक ओळ तिने काल पोळ्या लाटता लाटता वाचली होती आणि रात्री ती सांगायलाही गेली होती. पार्थ म्हणाला, उद्या बैठकीत बोलू. आणि बैठकीत ती उभी होती. लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या बैठकांत ती उभी होती.

"आभा, कुठे बसतेस?" मार्तंडरावांनी विचारलं.

आभा कुठेच बसली नाही. ती सरळ दारापाशी गेली आणि तिने आईच्या हातातला ट्रे धरला.

"आई, तू बैठ ना."

"अगं, गरम आहे, सांडेल."

"नहीं सांडणार. तू बस."

"आणि तुझं मत?" पार्थ म्हणाला. "आभा, पहिलं मत आहे तुझं! ट्रे घेऊन उभी राहिलीस तर जाईल ते."

"जाऊ दे," आभा म्हणाली. "गाडीने कॉलेजला आई जाणार आहे."

कमलताईंचे मटार सोलणारे हात थांबले.

कल्याणीने पदराला हात पुसले. मोकळ्या फरशीवर ती एक क्षण घुटमळली, नव्या वर्गात पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीसारखी. मग सतरंजीवर, त्या जळक्या कोपऱ्यावर, बसली.

"सांगू का?" ती म्हणाली.

"सांग की गं," कमलताई म्हणाल्या, "आता बसलीयस."

"लीजच्या गाडीला मर्यादा आहे. महिन्याला पंधराशे किलोमीटर. त्यापुढे प्रत्येक किलोमीटरचे वेगळे पैसे."

"पंधराशे पुष्कळ झाले," पार्थ म्हणाला. "आपण झाशीत फिरतो कितीसं?"

"झाशीत नाही हो. मोठला. जाऊन-येऊन शंभर."

तुम्हीसुद्धा करा हा हिशोब, मुलांनो. अवघड नाही. रोज शंभर, तर पंधराशे किती दिवसांत संपतील?

पार्थने मनात केला आणि त्याचे कान लाल झाले. रविवारच्या फेरफटक्यावरून त्याने गाडी मोजली होती. जी रोज चालवणार, तिचा रस्ता मोजायचाच राहिला होता.

"अर्धा महिना गाडी, अर्धा महिना बस," शमिका म्हणाली. "किंवा मग दंड भरा. वहिनी, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"आधी मी उभी होते," कल्याणी म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात कडूपणा नव्हता, म्हणून ते सगळ्यांना जास्त लागलं.

शमिका तिसऱ्यांदा फरशी ओलांडून सतरंजीवर आली.

"पण दोन महिने?" पार्थने हळूच विचारलं. आता भांडण नव्हतं त्यात, काळजी होती. "तोवर खोली घेशील तू मोठला?"

ट्रेमधल्या कपांची किणकिण झाली. आभा ट्रेसकट एक पाऊल पुढे आली होती.

कल्याणीने ते ऐकलं. ती लेकीकडे बघत बोलली. "बसचा मला त्रास नाही हो. बसमध्ये मी बसलेली तरी असते. घरी आल्यावर पुन्हा उभं राहायचं, याचा कंटाळा येतो. त्या दिवशी खोलीचं बोलले ते त्या थकव्यातून. दोन महिने संध्याकाळचा चहा नि पोळ्या कोणी बघितल्या, तर मी बसने येईन. रोज येईन. खोली नको मला."

"पोळ्या मी करीन," मार्तंडराव म्हणाले. "गार्डच्या डब्यात पेटीवर बसून केलेल्या आहेत मी."

"गोल व्हायच्या का?" कमलताईंनी विचारलं.

"गाडी हलायची ना!"

पुन्हा हशा उसळला. मार्तंडराव, कमलताई, शमिका, कल्याणी, सगळे सतरंजीवर; तख्ताच्या निळ्या गादीवर पार्थ एकटा, आणि त्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी.

"ठीक आहे, ठीक आहे," तो म्हणाला. "विकत. मी हरलो. आता कोणी चहा द्या."

सगळ्यांनी आभाकडे पाहिलं. ट्रेमधला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

आभाने आईकडे बघितलं. आई बसली होती, पाय पसरून, आजीच्या खुर्चीला टेकून. मग आभा तख्तापाशी गेली आणि तिने ट्रे बाबांच्या हातात ठेवला.

"पापा, उठा. गरम करून आणा."

आणि पार्थ उठला तशी ती फरशी ओलांडून सतरंजीवर आली, फ्रॉक नीट केला, आणि आईला चिकटून बसली.